मुठीची वही : मार्च ते ऑक्टोबर

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळचे डबे भरून झाल्यावर मुठीचा डबा काट्यावर ठेवला. ऑक्टोबरचा तांदूळ १ किलो ९८० ग्रॅम भरला. मार्चपासूनची सगळी बेरीज १५ किलो ६२० ग्रॅम. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे मुलुंडहून भायखळ्याला चर्चमध्ये उपासनेला जाताना पिशवी सोबत जाईल आणि डबा पुन्हा रिकामा होईल.

ज्यांच्या घरी मूठ नव्याने सुरू झाली आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. भात शिजवायला तांदूळ मापून घेतला की त्यातूनच एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. डब्यातला तांदूळ महिन्याला मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, आणायचा, तिथून तो मिशनच्या कामाला जातो. ही रीत मिझोरामची. तिथे तिला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात, अर्थ मूठभर तांदूळच. १९१० पासून तिथल्या ख्रिस्ती बायका दर स्वयंपाकाला ही मूठ काढत आल्या आहेत आणि त्या तांदळाच्या पैशावर तिथल्या मंडळ्यांनी आपले सुवार्तिक (ख्रिस्ती धर्मप्रचारक) दूरदूर पाठवले. आमच्या महिला मंडळात एका मिझो नर्सताईंनी हे सांगितलं, तेव्हा सासूबाई लगेच म्हणाल्या, “अगं, हा तर आपला मुष्टिफंड.” कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायकांना रोजची मूठ काढून ठेवायला सांगितली होती, हे त्यांनी माहेरी लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे आमच्या घरात ही गोष्ट परकी वाटलीच नाही. ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंट हा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, पहिली मूठ पडली.

आमच्याकडे भात दोनदा होतो, दुपारी सासूबाई आणि मुलांपुरता, रात्री सगळ्यांचा. माझी मूठ ३८ ग्रॅमची, सासूबाईंची ३१, मोठीची २४. धाकट्याला मूठ मिटता मिटता निम्मी सांडते, तरी रविवारची मूठ त्याचीच असते. महिन्यांचे आकडे असे: मार्च १ किलो ७४०, एप्रिल २ किलो ११०, मे १ किलो २६० (दहा दिवस गावी होतो), जून २ किलो ९०, जुलै २ किलो १५०, ऑगस्ट २ किलो २४०, सप्टेंबर २ किलो ५०. मार्चचा आकडा कमी आहे, कारण पहिले काही दिवस कुकरची शिट्टी झाल्यावर आठवण यायची. मग मी मुठीचा डबा तांदळाच्या मोठ्या डब्यातच, अगदी वर ठेवला. तो उचलल्याशिवाय माप हातात येत नाही. तेव्हापासून फारशी चूक नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला या आठ महिन्यांत कळली. सुरुवातीला मी मूठ काढायची आणि भात कमी पडेल म्हणून मापात पुन्हा मूठभर घालायची. म्हणजे मूठ वरची झाली, वाट्यातली नाही. नर्सताईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, त्याच वेळच्या जेवणातून काढायची. मनात धाकधूक होती. वाढत्या वयाची मुलं, त्यात आमचे हे रात्री साडेनऊला कसेबसे घरी पोचतात आणि तेव्हा त्यांना पोटभर भात लागतो. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रोज रात्री उरलेला भात काट्यावर ठेवला. सात दिवसांचा मिळून ७८० ग्रॅम. तांदूळ शिजून साधारण तिप्पट भरतो, म्हणजे २६० ग्रॅम कोरडा तांदूळ, म्हणजे माझ्या जवळजवळ सात मुठी! आठवड्याच्या चौदा मुठींतल्या निम्म्या आम्ही आधीच शिळ्या करत होतो. काही फोडणीच्या भाताला जायचा, काही मुंबईच्या उकाड्यात सकाळपर्यंत आंबून जायचा. त्या दिवसापासून मी वरची मूठ घालणं बंद केलं. पहिल्या महिन्यात दोनदा भात कमी पडला, तेव्हा एकेक पोळी जास्त लागली, एवढंच.

शिळं टाकायचं म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरतो. त्यांची आजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला आली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. आई-बाप कुठे गेले ते कधी कळलं नाही. त्या आजीने शेवटपर्यंत ताटातलं शीत बोटाने वेचून खाल्लं, असं सासूबाई सांगतात. आमचं सगळं घराणं कुणीतरी बाजूला काढलेल्या मुठीवर वाढलं आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हापासून आमच्या मंडळ्यांनी दूरदेशच्या अनोळखी बायकांनी साठवलेली नाणी घेतली. आता आपल्या डब्यातून बाहेर जायची पाळी आहे, असं मला मनापासून वाटतं.

जुलैची नोंद लाल शाईने आहे. जून आणि जुलैचा तांदूळ मी एकदमच द्यायचा ठरवला होता, कारण जुलैच्या पहिल्या रविवारी लोकल बंद होत्या. ऑगस्टच्या तोंडावर डबा उघडला तर आत टोके फिरत होते. टोका दाण्याला भोक पाडून अंडं आत घालतो आणि अळी दाण्याच्या पोटातच वाढते, त्यामुळे आणताना स्वच्छ दिसलेला तांदूळ दमट हवेत महिन्याभरात हलायला लागतो. कडुनिंबाचा पाला, तमालपत्र घातलेलं होतंच, पण आत असलेल्या अंड्याला त्याचं काय? तो सगळा तांदूळ चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवला, पाखडला, धुतला, पंख्याखाली वाळवून दळून आणला. पुढे पंधरा दिवस आमच्याकडे घावनं झाली. मंडळीत मात्र तेवढ्याच वजनाचा नवा कोलम नेला, किडका तांदूळ मी या कामाला देणार नाही. आता तांदूळ आणला की आधी पिशवीसकट चार दिवस फ्रीजर, मग पिशवी न उघडता दिवसभर बाहेर, आणि नंतरच डब्यात. गार पिशवी लगेच उघडली की दाण्यांना दव सुटतं, तेवढं सांभाळा. आणि पावसाळ्यात महिन्यापेक्षा जास्त साठवू नका.

आठवड्याच्या बेताचं थोडक्यात. शनिवारी रात्री पुढच्या सात दिवसांचा बेत फ्रीजवर लागतो. पालेभाज्या सोमवार-मंगळवारी संपवायच्या, मग वांगी-भेंडी-गवार, गुरुवारी मटकी. मंगळवारी रात्री भिजवली, बुधवारी सकाळी फडक्यात बांधली की मुंबईत गुरुवारी पहाटे डब्याला मोड तयार. लेंटमधला शुक्रवारचा साधा नेम आम्ही ईस्टरनंतरही चालू ठेवला: मुगाची खिचडी, पापड, ताक. रविवारच्या रश्श्याचं वाटण शनिवारीच करून ठेवते, कारण उपासना आणि महिला मंडळ करून घरी यायला दीड वाजतो.

या बेत आखण्याच्या नादाचा मिशनला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. जूनमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, नगर जिल्ह्यात ज्या वसतिगृहाला आपला तांदूळ जातो, तिथल्या आठवड्याच्या जेवणाचा आराखडा कराल का? बेचाळीस मुलं, एक स्वयंपाकीण मावशी, पैसे मोजके, आणि महिन्याच्या शेवटी डाळ संपलेली असते. मी हो म्हटलं आणि दोन रात्री वही घेऊन बसले. शाळेच्या पोषण आहाराचं सरकारी माप हाताशी घेतलं: पहिली ते पाचवीला एका जेवणाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, आणि सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. वसतिगृहात लहान चोवीस, मोठे अठरा. म्हणजे एका जेवणाला धान्य ५ किलो १००, डाळ १ किलो २०, भाजी २ किलो ५५०. सुंदर तक्ता केला, रंगीत रेघा मारून पाठवला.

मावशींचा फोन आला. “ताई, बुधवारी पालक कुठून आणायचा? आमचा बाजार सोमवारी भरतो. बुधवारपर्यंत पालक पार मान टाकतो. आणि फ्रीज नाही आपल्याकडं.” मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. मुलुंडमध्ये खाली उतरलं की रोज भाजीवाला आहे, हे धरूनच मी सगळं लिहिलं होतं. मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि त्यांनाच विचारत गेले. अंगणात शेवग्याची दोन झाडं आहेत, त्याचा पाला बारमाही मिळतो. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. मटकीला तिकडे थंडीत दोन दिवस लागतात, म्हणून त्या फडकं चुलीच्या उबेला ठेवतात. पाऊण तास बोललो. माझ्या वहीत चार पानं भरली आणि त्यातलं एकही मला आधी माहीत नव्हतं.

दुसरा बेत सोमवारच्या बाजारापासून सुरू होतो. सोमवारी रात्री आणि मंगळवारी पालेभाजी. बुधवारी वांगी-बटाटा. गुरुवारी मोडाची मटकी. शुक्रवारी डाळीत शेवग्याचा पाला. शनिवारी आणि रविवारी सकाळी, जेव्हा घरात भाजी उरत नाही, तेव्हा येसर आमटी. ही येसरची कल्पना सासूबाईंची. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धणे, जिरे, मिरची, खोबरं, गरम मसाला वेगळं भाजायचं आणि सगळं एकत्र दळायचं. उकळत्या पाण्याला फोडणी देऊन हे पीठ लावलं की दाट आमटी. त्यात भाकरी कुस्करली की मुलं पोटभर जेवतात. कोरडा असला की महिना-दोन महिने टिकतो. बेचाळीस जणांच्या एका आमटीला ४०० ग्रॅम लागतो, हे मावशींनी करून पाहून सांगितलं. ऑगस्टपासून सासूबाई दर महिन्याला साडेतीन किलो येसर करतात. त्यांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, उपासनेला येणं आता नाताळ-ईस्टरपुरतं. पण भाजताना कढईसमोर स्टूल घेऊन बसतात, मला झारा हातात घेऊ देत नाहीत. “हे माझं मिशन,” म्हणतात. पूर्वी त्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायच्या, मिशन दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी. डोळ्यांमुळे ते थांबलं होतं. येसरने त्यांना पुन्हा काम दिलं.

डाळ सप्टेंबरअखेर पहिल्यांदाच महिना पुरून उरली, पावणेदोन किलो. मावशींनी फोटो पाठवला, डब्यात डाळ आणि शेजारी त्यांचा हात, किती उंच उरली ते दाखवायला. मी तो वहीत चिकटवला आहे.

आता हिशोब. आठ महिन्यांची आमची मूठ १५ किलो ६२० ग्रॅम, आणि वसतिगृहाच्या एका जेवणाचं धान्य ५ किलो १००. म्हणजे तीन जेवणं. आमच्या वाण्याकडे कोलम बासष्ट रुपये किलो, त्या भावाने हजार रुपयेसुद्धा होत नाहीत. माझ्या नणंदेने विचारलं, मग एकदाच हजार रुपये पाठव ना, रोजचा व्याप कशाला? पैसे आम्ही पाठवतोच, दशांशातून, म्हणजे देवासाठी काढलेल्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शातून. पण पैसे पाठवले तर महिन्यातून एकदा त्या मुलांची आठवण येते. मूठ काढली तर दिवसातून दोनदा येते. धाकट्याला त्या वसतिगृहातल्या सहा मुलांची नावं पाठ आहेत, कारण मूठ टाकताना आम्ही एकेका मुलासाठी प्रार्थना करतो. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, रोज आधी त्यांचा वाटा निघतो आणि मग आमचं पातेलं चुलीवर चढतं, या क्रमाने घरातला बाकीचा हिशोबही बदलला. भाजी आणताना, दूध घेताना, पाहुण्यांचा बेत करताना आधी वाटा डोळ्यांसमोर येतो. मंडळीत आता सव्वीस घरं मूठ काढतात. सगळ्यांच्या पिशव्या एकत्र झाल्या की आकडा वेगळाच दिसतो.

पुढच्या महिन्याचं काम मोठं आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघाली, त्यामुळे वसतिगृहात अकरा मुलं नवीन आली, सात लहान, चार मोठी. आई-बाप कारखान्याच्या फडावर, परत येतील ते उन्हाळ्यात. एका जेवणाला आता ६ किलो ४०० ग्रॅम धान्य लागेल, येसर पाचशेच्या वर. सासूबाईंनी कालच बाजरी निवडायला घेतली. नाताळच्या फराळात यंदा शंकरपाळ्या तीन किलो जास्त करायच्या आहेत. २० डिसेंबरच्या आसपास मंडळीतले एक काका तिकडे जाणार आहेत, त्यांच्यासोबत जातील.

एक मदत हवी आहे. थंडीत आमच्याकडे भाकरी वाढते आणि भात एकदाच होतो, त्यामुळे सासूबाई म्हणतात बाजरीचीही मूठ काढू. पण बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू पडतं. मी आख्ख्या दाण्याची मूठ वेगळ्या डब्यात सुरू करते आहे, कालपासून दोन मुठी, ८० ग्रॅम. तुमच्यापैकी कुणी मुंबईच्या हवेत आख्खी बाजरी महिनाभर ठेवली असेल तर कशात ठेवली आणि उन्हं किती दिली ते सांगा.