तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बुढ्यात काय दिसतं?

लग्नाच्या पंगतीत म्हणा, पेन्शनरांच्या बैठकीत म्हणा, नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरताना म्हणा, हा प्रश्न मला गाठतोच. "मॅडम, तुमी तर बँकेतल्या, वसुलीवाल्या. तुमाले त्या अमेरिकेतल्या बुढ्यात काय दिसते?" बुढा म्हणजे तिथला सेनेटर बर्नी सँडर्स. त्याचं नाव निघालं की मी दोन वाक्यांत आवरत नाही हे आमच्या ग्रुपला माहीत आहे, त्यामुळे काही जण नुसती फिरकी घ्यायला विचारतात. पण बाकीच्यांना खरंच कोडं पडलेलं असतं. 2016 ला पंचाहत्तरीला टेकलेला, केस विस्कटलेला, घसा ताणून बोलणारा हा माणूस, आणि त्याच्यामागे विशी-पंचविशीतली पोरं का लागली? तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

आधी माणूस. जन्म 1941 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. बाप पोलंडहून आलेला, रंग विकणारा सेल्समन. शिकागो विद्यापीठात असताना वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात याला अटक झाली. पुढे व्हरमाँट नावाच्या छोट्या राज्यात जाऊन राहिला आणि 1970 च्या दशकात कधी सेनेटसाठी, कधी गव्हर्नरपदासाठी असा चार वेळा उभा राहून चारही वेळा पडला. 1981 मध्ये बर्लिंग्टन शहराचा महापौर झाला तोही अवघ्या 10 मतांनी. मग 1990 ला प्रतिनिधीगृहात निवडून आला, 2006 ला सेनेटवर, दोन्हीकडे अपक्ष म्हणूनच. 2016 ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटनसमोर उतरला तेव्हा ही लढत नावापुरती आहे असंच सगळे धरून चालले होते. ही उमेदवारी राज्याराज्यातल्या पक्षाच्या मतदानातून ठरते. आयोवा राज्यात तो एक टक्क्यापेक्षाही कमी फरकानं मागे राहिला, न्यू हॅम्पशायर 60 टक्के मतं घेऊन जिंकला आणि शेवटपर्यंत 22 राज्यं खिशात घातली. आयोवातल्या तिशीच्या आतल्या मतदारांपैकी 84 टक्के त्याच्या बाजूला होते. कोडं आहे ते या 84 चं.

याचं उत्तर मला बँकेतल्या टेबलावर मिळालं. नोकरीतली माझी शेवटची बरीच वर्षं शिक्षणकर्ज बघण्यात गेली. हिंगणा रोडला, वर्धा रोडला इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहत होती तो काळ. 4 लाखांपर्यंत तारण नको, जामीनदार नको, आईबाप सहकर्जदार झाले की पुरे. जून लागला की रांग. काटोलकडचे एक गृहस्थ पक्के लक्षात आहेत. सातबारा, संत्र्याच्या आडत्याच्या पावत्या, कॉलेजचं फीचं पत्र, सगळं साडीच्या दुकानाच्या एका प्लॅस्टिक पिशवीत. मी म्हटलं, अहो, तारण लागत नाही, सातबारा कशाला आणलात? तर म्हणाले, "असू द्या मॅडम, इज्जत त्याच्यातच आहे आपली." पोरगा शेजारी बसलेला, इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला म्हणून खुशीत. अर्जात 'शिक्षणानंतर अपेक्षित उत्पन्न' असा रकाना असतो. पोरानं पंचवीस हजार लिहिले. बापानं त्याच्या हातून पेन घेऊन तीस केले.

पुढची गोष्ट नागपुरात कुणाला नवी नाही. पोरगा पुण्याला कॉल सेंटरमध्ये लागला, हातात बारा हजार. 4 लाखांवर 12 टक्क्यांनी 7 वर्षांची परतफेड लावली तर हप्ता 7 हजारांच्या वर जातो, आणि शिकताना साठलेलं व्याज मुद्दलात मिसळलं की आणखी चढतो. हप्ता भरायला बाप यायचा. पोरगा एकदाच आला, खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरू नये म्हणून सही करायला, आणि त्या दिवशी तो माझ्यावर, कॉलेजवर, सगळ्या जगावर खवळलेला होता. बाप मात्र शांत. मला तेव्हाच लख्ख दिसलं की राग बापाला येत नाही. त्यानं गरिबी काढली होती, पण त्याला कुणी काही कबूल केलं नव्हतं. पोराला कबूल केलं होतं, तेही छापील रकान्यात.

सँडर्समागे गेलेली पोरं ही याच पोराची भावंडं. अमेरिकेत 2016 च्या सुमारास शिक्षणकर्जाचा एकूण आकडा सुमारे 1.3 लाख कोटी डॉलर होता, आणि तिकडच्या कायद्यानं दिवाळखोरी जाहीर केली तरी हे कर्ज क्वचितच सुटतं. (ट्रम्पच्या कॅसिनो कंपन्यांनी मात्र त्याच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा एकापेक्षा जास्त वेळा घेतला. बँकवाल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.) 2008 ला बँका बुडायला लागल्या तेव्हा त्यांना वाचवायला सरकारनं 700 अब्ज डॉलरची तरतूद केली. केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर थांबलेलं. माझी भाची तेव्हा तिकडे मास्टर्स करत होती. तिच्या खोलीतली मुलगी शाळामास्तरांची पोर, दिवसा कॉलेज, संध्याकाळी कॉफीच्या दुकानात, आणि डोक्यावर असं कर्ज की लग्नाचा विषय काढला की म्हणायची, आधी हे फिटू दे. अशा मुलीला कुणीतरी येऊन सांगितलं की सरकारी कॉलेजची फी माफ, तासाला 15 डॉलर, दवाखाना सगळ्यांना, आणि पैसे अब्जाधीशांकडून घेऊ, तर ती ऐकणारच. ऐकण्यात नवल नाही. पण आश्वासनं काय, कुणीही देतं. याच्याच तोंडून ती खरी का वाटली?

इथे वय कामी आलं असं माझं मत आहे. तरुण पुढाऱ्यानं हेच भाषण केलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, निवडून आल्यावर किती दिवस टिकशील? या माणसाची जुनी भाषणं सगळ्यांना बघायला उपलब्ध होती. चाळीस वर्षांपूर्वी केस काळे होते, चष्मा जाडा होता, वाक्यं तीच: थोड्या लोकांकडे फार पैसा आहे आणि त्या पैशाच्या जोरावर ते सरकार चालवतात. डिसेंबर 2010 मध्ये श्रीमंतांच्या करसवलतीविरुद्ध सेनेटमध्ये साडेआठ तास उभा राहून बोलला, तेही हेच. कर्ज देताना आम्ही अर्जदाराच्या गोड बोलण्याकडे बघत नाही, मागचं रेकॉर्ड बघतो, तसंच त्या पोरांनी केलं. एवढी वर्षं जग त्याला कंटाळवाणा म्हणत होतं. विषमता वाढत वाढत त्याच्या वाक्यापर्यंत येऊन पोचली, तो आपल्या जागेवरच होता. मार्च 2025 मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी डेन्व्हरला सभा घेतली तर सुमारे 34 हजार माणसं जमली. भाषण? तुम्ही ओळखलंच असेल.

आणि पैसा. सुपर पॅक, म्हणजे मोठ्या देणगीदारांचा हवा तेवढा पैसा गोळा करणाऱ्या समित्या, नाकारून त्यानं 2016 ची मोहीम छोट्या देणग्यांवर चालवली, सरासरी 27 डॉलर. हा आकडा त्याच्या सभेत लोक घोषणेसारखा ओरडायचे. ज्यानं आपले 27 डॉलर टाकले तो माणूस मग नुसता मतदार राहत नाही, भागधारक होतो.

आता माझ्या या लाडक्या बुढ्यातल्या खोटीही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम वाहवल्या. पुस्तकांच्या कमाईवर तो स्वतः दशलक्षाधीश झाला आणि त्यानंतर त्याच्या भाषणातले 'मिलियनेअर' हळूच गळून फक्त 'बिलियनेअर' उरले, हे मीही पाहिलंय. पण खरी खोट वेगळी. साउथ कॅरोलिनात 2016 ला क्लिंटनला 73 टक्क्यांच्या वर मतं पडली आणि याला 26. तिथले वयस्कर काळे मतदार सगळ्यांत सुखवस्तू होते म्हणून नव्हे. त्यांनी आयुष्यभर गोऱ्या राजकारण्यांचे मोठे वायदे ऐकले होते, आणि सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगणाऱ्या वैद्यापेक्षा ओळखीच्या माणसावर त्यांचा भरवसा जास्त होता. म्हणजे पुन्हा माझा काटोलचा बाप. सगळ्यांत जास्त सोसलेला माणूस अशा उमेदवाराकडे सगळ्यांत आधी येतोच असं नाही. आधी येतो तो शिडीवर अर्ध्यात अडकलेला.

यावर विचारणारे हमखास म्हणतात, मग आपल्याकडे असा का नाही निघाला? निघाला होता की, नागपुरातच. ए. बी. बर्धन. नागपुरात वाढलेले, इथल्याच विद्यापीठातले विद्यार्थी पुढारी, पुढे कामगारांचे. 1957 ला नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. लोकसभेला 1967 ला आणि 1980 ला उभे राहिले, दोन्ही वेळा हरले. 1996 ते 2012 भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. त्यांचंही बोलणं जन्मभर एकाच सुरात. 2 जानेवारी 2016 ला, आयोवाच्या मतदानाला महिना उरला असताना, ते एक्याण्णवाव्या वर्षी गेले.

सचोटीत, साधेपणात बर्धन सँडर्सला हार गेले नसते. पण त्यांचा मतदार होता गिरणीतला, विणकर वस्तीतला. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 ला काढली, त्याच वर्षी तिथं मजुरीच्या दरावरून संप झाला, आणि 2002 ला ती कायमची बंद पडली. आज तिथं मॉल आहे. मिल गेली तशी भोंग्याला एकत्र बाहेर पडणारी माणसं पांगली. कुणी रिक्षा घेतली, कुणी कुठे चौकीदार झालं. दुसरं म्हणजे विदर्भाचा राग कायम नकाशावर मांडला गेला. मुंबई-पुण्यानं आमचं खाल्लं, आमचा विकासाचा अनुशेष द्या, नाहीतर राज्य वेगळं करा. जांबुवंतराव धोटे 1971 ला नागपुरातून लोकसभेत गेले ते या लाटेवर. दांडेकर समितीनं 1984 ला अनुशेषाचा हिशेब मांडला तो जिल्हावार, आणि ते योग्यच होतं. पण बर्डीवरच्या बंगल्यात आणि तांडापेठेतल्या खोलीत जे अंतर आहे ते त्या हिशेबात येत नाही. मुंबईवर बोट ठेवलं की घरातल्या श्रीमंताकडे बोट जात नाही.

आणि आता तर सरकार विषमतेचं उत्तर थेट खात्यावर पाठवतं. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंना लाडकी बहीणचे 1,500 येतात. त्यांना मी कधीच म्हणणार नाही की हे लोकानुनयाचं राजकारण आहे. त्या पैशातून गॅस भरला जातो. सुशिक्षित बेकार पोरांसाठी 2024 ला प्रशिक्षण योजना निघाली, पदवीधराला 10 हजार, सहा महिने. पुढे ती मुदत अकरा महिने केली. बाराव्या महिन्याचं कुणी बोललं नाही. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला: 2022-23 मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के आणि संपत्तीतला 40.1 टक्के वाटा वरच्या 1 टक्का लोकांकडे. तो आकडा आमच्या बैठकीत मी वाचून दाखवला तर चर्चा पाच मिनिटांत सोन्याच्या भावावर गेली.

शेवटी हटकून येणारा जोडप्रश्न: "इथं असा बुढा उभा राहिला तर मत द्याल का?" देईन, पण फाइल बघून. त्याच्या मोहिमेला पैसे कुठून येतात ते मला दिसायला हवं. आणि अब्जाधीशांवर बोलून झालं की माझ्या टेबलावरच्या गोष्टीवर त्यानं बोलावं. पोरगं शिकत असताना कर्जाचं व्याज सरकार भरतं ही योजना 2009 ला आली, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर. इतकी महागाई झाली, ती मर्यादा साडेचारवरच. 2024 ला केंद्राच्या विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना व्याजात 3 टक्के सवलत दिली, ती निवडक संस्थांपुरती, म्हणजे आमच्या बहुतेक पोरांची कॉलेजं बाहेरच. या साडेचार लाखांवर जो कुणी आकडे घेऊन बोलेल, मग तो कितीही म्हातारा असो नाहीतर तरुण, त्याच्या सभेला मी येईन. फक्त सभा संध्याकाळची ठेवा म्हणावं. कस्तुरचंद पार्कवर दुपारी उभं राहवत नाही आता.