कंपनीला दृष्टिदोष सांगताना: अंबडमधील माझा अनुभव

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कारखान्याच्या स्टोअर विभागात काम करते. माझ्या दोन्ही डोळ्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक विकार आहे. या विकारात अंधुक उजेडात पाहण्यासाठी लागणाऱ्या दृष्टिपटलावरील पेशी आधी निकामी होतात; त्यामुळे प्रथम रातांधळेपणा येतो आणि पुढे दृष्टीचे क्षेत्र कडांकडून आत आकसत जाते. समोरचे अक्षर वाचता येते, पण बाजूने येणारा माणूस दिसत नाही. जी बाई मालासोबतच्या चलनावरील (पाठवणीच्या पावतीवरील) बारीक आकडे वाचते तिला पायाजवळचे पॅलेट (माल ठेवायची चौकट) कसे दिसत नाही, असे मला अनेकांनी विचारले आहे आणि त्यांचे गोंधळणे मी समजू शकते.

दुसरी पाळी रात्री सुटत असे आणि मागच्या आवारातून फाटकापर्यंत चालताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागे. दिवसासुद्धा फोर्कलिफ्टच्या मार्गात बाजूने येणारी गाडी उशिरा लक्षात येऊ लागली, तेव्हा कंपनीला सांगायचेच असे मी ठरवले. आईचा याला विरोध होता. "एकदा कागदावर आलं की बढतीच्या वेळी तोच कागद पुढे येईल," असे ती म्हणाली. ही भीती निराधार नाही. पण मी हे सांगितले नसते तर माझे अडखळणे निष्काळजीपणाच्या खात्यात जमा होत राहिले असते, आणि ते मला अधिक धोक्याचे वाटले.

अर्ज लिहिण्यापूर्वी मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 वाचला. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. पदांचे आरक्षण आणि अशा इतर काही लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या मात्र टक्केवारीवर आधारलेली नाही आणि वाजवी सोय, म्हणजे गरजेनुसार केलेला योग्य बदल, नाकारणे हा भेदभावच आहे, असे कायदा म्हणतो. "चाळीस टक्के भरत नाहीत, मग मागायचे काय" असे समजून गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा फरक मी मुद्दाम सांगते. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख लागतो. आमच्या कंपनीत असे धोरण लिहिलेलेच नव्हते.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. दृष्टीचे क्षेत्र 40 अंशांहून कमी, पण 10 अंशांपर्यंत असेल तर त्याला कायद्यात अल्पदृष्टी म्हणतात. माझे निदान त्यात बसले. पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्रही मिळाले.

अर्जावर मात्र मी बराच वेळ घालवला. पहिला मसुदा आजाराविषयी होता: निदान केव्हा झाले, औषध का नाही, पुढे काय होऊ शकते. तो वाचून कोणत्याही व्यवस्थापकाच्या मनात माझ्याविषयी दया आणि शंका दोन्ही आल्या असत्या. मी तो बाजूला ठेवला आणि माझ्या कामांवरूनच अर्ज लिहिला. माल उतरवून घेणे, चलन व खरेदी आदेश ताडून पाहणे, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणे, बिन कार्ड (प्रत्येक वस्तूच्या साठ्याचे नोंदपत्र) भरणे, महिनाअखेरची साठा मोजणी, यांपैकी प्रत्येक कामात मला नेमके कुठे अडते आणि तिथे काय बदलले तर अडणार नाही, एवढेच त्यात होते. निदानाला एकच ओळ दिली आणि प्रमाणपत्राची प्रत जोडली. अर्ज एचआर विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

बैठकीत साहेबांनी सहानुभूतीने ऐकले आणि मला स्वागतकक्षात बसवण्याचा प्रस्ताव मांडला. "पगार तोच राहील, ताण कमी होईल," असे ते म्हणाले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नव्हती. तरीही मी नकार दिला. साठ्याचा हिशेब हे माझे शिकलेले, वर्षानुवर्षे केलेले काम आहे, आणि ज्या जागेवरून पुढे स्टोअर प्रमुख होता येते ती जागा सोयीच्या नावाखाली माझ्याकडून काढून घेतली जाणार होती. "साहेब, मला काम बदलून नको, कामाची जागा बदलून हवी आहे," असे म्हणून मी अर्जातील यादी पुन्हा त्यांच्यासमोर ठेवली. मला वाटते, अशा बैठकांत उघड विरोधापेक्षा ही काळजीपोटी केलेली बदली नाकारणे कठीण असते, कारण नाकारणारा कृतघ्न ठरतो.

त्यानंतर गोष्टी हळूहळू बदलल्या. मला कायम पहिली पाळी मिळाली. पायऱ्यांच्या आणि रॅम्पच्या कडांना पिवळे पट्टे मारले, मागच्या गल्लीतील दिवे बदलले आणि चालण्याच्या वाटेवर पॅलेट ठेवायचे नाही असा नियम झाला. तो नियम सुरक्षिततेच्या तपासणीतही कंपनीच्याच उपयोगी पडला. कंपनीने आपण होऊन मोठा मॉनिटर आणला, पण दृष्टीचे क्षेत्र अरुंद असताना अक्षर फार मोठे केले तर एका नजरेत कमी शब्द मावतात. मला मोठेपणा नको होता, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर हवे होते. हे समजावल्यावर तो मॉनिटर दुसऱ्या टेबलावर गेला. लांबलचक अहवालांसाठी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून वाचणारे मोफत सॉफ्टवेअर बसवून घेतले.

सहकाऱ्यांना किती सांगायचे हे मी स्वतः ठरवले आणि एचआरला तसे लेखी कळवले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दादांना मात्र सर्व सांगितले. वळणावर ते आता "ताई, उजवीकडून गाडी" असा आवाज देतात.

मंजुरीच्या पत्रात दर वर्षी आढावा घेण्याची अट मी आग्रहाने घालून घेतली, कारण हा विकार वाढत जातो आणि आज पुरेशी असलेली सोय पुढे अपुरी पडेल. यंदाच्या आढाव्यात साठा मोजणीसाठी बोलणारा बारकोड स्कॅनर आणि समान संधी धोरण लेखी स्वरूपात लावणे, या दोन मागण्या मी दिल्या आहेत. धोरणाचा मसुदा तयार झाला आहे. स्कॅनरची मंजुरी यायची आहे.