पाच पोळ्यांवरून एका पोळीवर

मे महिन्याच्या शेवटी माझा रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा फ्रिजमध्ये आमरसाचं पातेलं भरलेलं होतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर, ५.७ ते ६.४ हा टप्पा प्री-डायबेटिसचा धरतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२. वय ४७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. माझ्या आईला पन्नाशीत शुगर निघाली होती आणि शेवटची काही वर्षं तिला नीट दिसतही नव्हतं. त्यामुळे तो कागद मी घरी कुणाला न दाखवता घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वजनाकडे फारसं बघितलंच नाही. टेप काढून कंबर मोजली. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८०च्या वर गेली की सावध व्हायचं, असं म्हणाले. मग त्यांनी पुण्यातलीच एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात पक्की बसली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. आपल्या अंगात चरबी अशी लपून बसते, विशेषतः पोटात, म्हणून काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवा, असं त्यांचं म्हणणं.

मी लो-कार्बचं, म्हणजे पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं कमी करायच्या आहाराचं विचारलं. करा म्हणाले, पण दोन अटी घातल्या. एक, एकदम कीटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच, असं नको. दिवसाला १३० ग्रॅम कार्बच्या खाली या, जमलं तर हळूहळू शंभरपर्यंत. दोन, तुम्ही बीपीची गोळी घेता, तेव्हा घरी रोज बीपी मोजायचं. आणि त्यांनी बजावून सांगितलं ते इथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत मधुमेहाची औषधं घेणारे असतीलच: इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने पोळी-भात सोडायचा नाही. औषध तेवढंच राहिलं आणि खाणं बदललं तर साखर धाडकन खाली येते. आधी डॉक्टर, मग ताट.

पहिल्या रविवारी मी काही सोडलं नाही, फक्त मोजलं. ओट्यावर वजनकाटा ठेवून. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, पाव किलो कणकेच्या आठ पोळ्या करतात. एका पोळीला साधारण ३१ ग्रॅम कणीक, म्हणजे कार्ब २० ग्रॅमच्या आसपास. माझ्या डब्यात तीन, रात्री दोन. झाले शंभर. रात्रीच्या भाताला माझ्या वाटणीचे तांदूळ पन्नास ग्रॅम, त्यात चाळीस. सकाळचे पोहे साठ ग्रॅम, त्यात पंचेचाळीस. तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, ते पंचवीस. वरण, बटाटा, चारच्या चहाबरोबरची बिस्किटं धरून आकडा २६०च्या घरात गेला. आणि मी स्वतःला 'फार न खाणारी' समजत होते. तेही खोटं नव्हतं. पोटभर जेवून उठले असं मला फारसं आठवतच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली आणि चूकही तिथेच केली. पोळ्या पाचाच्या दोन केल्या, भात बंद केला, पोहे बंद केले. त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही. सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी एक पोळी आणि नेहमीएवढीच भाजी. साडेचारला ऑफिसात हात थरथरायला लागायचे आणि खाली जाऊन भेळ खाल्ल्याशिवाय काम सुचायचं नाही. तीन दिवस असे गेले. तिसऱ्या रात्री आई म्हणाल्या, "अगं, पोळीशिवाय जेवण म्हणजे उपाशीच की! नुसत्या तोंडीलावण्याने कुणाचं पोट भरलंय का?"

त्यांनी काळजीने म्हटलं, पण माझ्या डोक्यात त्या एका शब्दाने प्रकाश पडला. तोंडीलावणं. आपल्या ताटात भाजी, चटणी, कोशिंबीर ही सगळी तोंडी लावायची. जेवण म्हणजे पोळी आणि भात. आमच्याकडे चार माणसांची भाजी एका छोट्या कढईत व्हायची, पाव किलो भेंडी चौघांना पुरायची, आणि तीही पोळीला लावून संपायला हवी म्हणून चमचमीत. मी पोळी काढून घेतली होती आणि तोंडीलावणं तेवढंच ठेवलं होतं. उपाशी राहणारच.

मग ऑफिसचा स्टीलचा डबा समोर घेऊन बसले. खालचा मोठा पुडा पोळ्यांचा, वरची छोटी डबी भाजीची, अशीच वीस वर्षं भरत आले. त्या दिवशी उलटं केलं. एका पोळीची चौघडी करून छोट्या डबीत बसवली, आणि मोठ्या पुड्यात भाजी. तो पुडा भरायला किती भाजी लागते ते तेव्हा कळलं: अख्खी मेथीची जुडी. सुरुवातीला एवढी भाजी संपवताना जबडा दुखायचा, हे खरं सांगते. पण साडेचारचं थरथरणं दोन-तीन दिवसांत थांबलं.

भाजी नुसती वाढवून चालत नाही, तिच्यात जीव लागतो. म्हणजे प्रोटीन आणि थोडं तेल-तूप. मेथीत पीठ पेरण्याऐवजी दाण्याचं कूट आणि वर कुस्करलेलं पनीर. भरल्या वांग्यात तीळ, खोबरं, कूट आहेच, फक्त गूळ काढला. आमच्या पुणेरी स्वयंपाकात गुळाचा खडा आमटीपासून शेंगांच्या भाजीपर्यंत सगळीकडे पडतो, आणि गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून तो मोजायचा नाही अशी सवय. रक्ताला तो साखरच. चिंचेऐवजी आमसूल घातलं की गुळाची गरजच कमी भासते, हे मला आईंनीच दाखवलं. सकाळी दोन अंड्यांची भुर्जी किंवा मूगडाळीचं एकच धिरडं, आत पनीर किसून. रात्री पोळी-भात नाही. दोडका, फ्लॉवर, पालक, कोबी यांपैकी दोन भाज्या, घट्ट वरण अर्धी वाटी, दही, जवसाची चटणी. डाळ आणि उसळ मी सोडली नाही, पण मोजून घेते, कारण डाळीत प्रोटीन आहे तसे कार्बही बऱ्यापैकी आहेत. हे सगळं धरून माझा दिवस ९० ते १०० ग्रॅममध्ये बसतो.

चहाची साखर एकदम सोडता आली नाही. दोनचा दीड, दीडचा एक, असं करत तीन आठवड्यांनी बिनसाखरेवर आले. आलं आणि गवती चहा जास्त टाकते. ऑफिसजवळच्या दुकानातून 'शुगर फ्री' बिस्किटांचा एक पुडाही आणला होता. मागचं बारीक अक्षरातलं वाचलं तर पहिलाच घटक मैदा. तो परत केला नाही, पण पुन्हा घेतलाही नाही.

पहिल्या शनिवारी मात्र घाबरले. रोजच्यासारखी म्हातोबाच्या टेकडीवर निघाले होते. अर्ध्या चढावर डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी पाणी दिलं, रिक्षापर्यंत सोबत आले. घरी येऊन बीपी मोजलं तर ९८/६४. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी अर्धी केली आणि दुपारच्या ताकात मीठ घालून घ्या म्हणाले. कारणही समजावलं: कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी जास्त बाहेर टाकतात. शिवाय यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा उतरला की ते पाणीही जातं. डोकं दुखणं, पायात गोळे, थकवा, हे सगळं पहिल्या आठवड्यात त्यामुळेच. त्या आठवड्यात माझं वजन १.८ किलो उतरलं होतं आणि मी खूप खूश होते. डॉक्टर म्हणाले, त्यातलं बरंचसं पाणी आहे, पुढच्या आठवड्यात एवढं उतरलं नाही तर नाराज होऊ नका. खरंच पुढच्या आठवड्यात चारशे ग्रॅम उतरलं, आणि त्यांनी आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच सोडून दिलं असतं. ज्यांना बीपीची गोळी नाही त्यांनाही हा आठवडा सोपा जात नाही, तेव्हा लग्नकार्य किंवा प्रवास असलेल्या आठवड्यात सुरुवात करू नये असं मला वाटतं.

भाकरीचं एक सांगायला हवं. ओळखीतल्या चार जणींनी सांगितलं, पोळी सोड, ज्वारीची भाकरी खा. मी आठवडाभर रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि काटा हलेना. मग पीठ मोजलं. माझ्या हातच्या एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे चाळीसच्या आसपास कार्ब. दोन पोळ्यांची बरोबरी. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ज्वारी चांगलीच आहे, पण 'हलकी' म्हणून दोन खाल्ल्या तर हिशेब चुकतो. आता दुपारी पोळी नको वाटली तर अर्धी भाकरी घेते.

आणि आषाढी एकादशी. आमच्याकडे ती मोडत नाही, मलाही मोडायची नव्हती. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब. एक ताटली खिचडी, वर बटाट्याचा कीस, संध्याकाळी वरीचा भात, असा आमचा उपास माझ्या जुन्या रोजच्या जेवणाच्याही पुढे जातो. मी आदल्या दिवशी आईंना म्हटलं, "अहो आई, उपासच करायचाय, पण साबुदाणा नको." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी कुठे होता रोजचा साबुदाणा? दाण्याची आमटी करते तुला." जिरं, हिरवी मिरची, आमसूल, भरपूर दाण्याचं कूट. बरोबर काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचं भरीत दह्यातलं, वाटीभर घरचं दही. संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही. त्या दिवशी मी विठोबासमोर हात जोडले तेव्हा आईंसाठीच जोडले.

गणपतीत दोन उकडीचे मोदक खाल्ले, वर तुपाची धार घालून, मन लावून. त्या दिवशी पोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून परत डबा तसाच. सण मोडून डाएट करणं मला जमणार नव्हतं, आणि तशी गरजही पडली नाही.

त्रास काही शिल्लक आहेत. पोट साफ व्हायला पहिला महिना अवघड गेला. जवस, काकडी आणि रात्री इसबगोल यांनी सावरलं. भाजी-पनीर-अंड्यांचा खर्च जवळजवळ दीडपट झाला आहे, म्हणून दर रविवारी मंडईत जाऊन आठवड्याची भाजी एकदम आणते, सकाळी लवकर, पिशव्या भरून. निवडायला वेळ लागतो. मेथीची जुडी निवडणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते करायला घरात दुसरं कुणी नसेल तर हा आहार टिकवणं कठीण आहे, असं मी स्पष्ट सांगेन. आमच्याकडे आता टीव्ही बघताना नवरा जुडी निवडतो.

सप्टेंबरच्या मध्यात पुन्हा रक्त दिलं. वजन ६७.२. कंबर ८६. एचबीए१सी ५.७, म्हणजे उंबरठ्याच्या अगदी कडेला. ट्रायग्लिसराइड १३८. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र थोडं वाढलं होतं. डॉक्टरांनी तूप आणि खोबऱ्यावर हात आवरता घ्यायला सांगितला, स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात करा म्हणाले आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. बीपीची गोळी अर्धीच आहे. तो रिपोर्ट मी घरी आल्या आल्या आईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि माझ्या आईचं नाव काढलं. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच बसलो.

गेल्या आठवड्यात त्या मला घेऊन तुळशीबागेत गेल्या. तीन दुकानं फिरून, बुड वाजवून बघून, एक मोठी लोखंडी कढई घेतली. जुनी छोटी कढई आता माळ्यावर आहे. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की आतून आवाज येतो, "अगं, आज पोळ्या किती ते नंतर सांग. भाजी किती टाकू?"