कुठून बघतोयस?

आठवीत असताना बाईंनी एकदा भिंतीवरचा ठाणे जिल्ह्याचा नकाशा खुंटीवरून काढला आणि बाकं मागे सरकवून वर्गात जमिनीवर पसरला. (पालघर जिल्हा 2014 मध्ये वेगळा झाला. आमचा नकाशा डहाणू-तलासरीपर्यंत होता.) "येऊरचा डोंगर कुठल्या बाजूला? खाडी कुठे?" आम्ही हात दाखवत गेलो, बाई नकाशा फिरवत गेल्या. नकाशातला डोंगर खऱ्या डोंगराकडे आणि खाडी खाडीकडे आली तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता हा नकाशा जागेवर बसला." तोवर उत्तर दिशा छताकडे असते अशीच माझी समजूत होती, कारण भिंतीवरच्या नकाशात ती वर असायची.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी चार ओळी लिहायला सांगितल्यावर मला बक्षीस समारंभ आठवले नाहीत, स्नेहसंमेलनं आठवली नाहीत. जमिनीवर पसरलेला तो नकाशा तेवढा आठवला.

मी राहायला कोपरीला, शाळा नौपाड्यात. रोज रेल्वेचा पूल ओलांडून यायचं. घर ते शाळा असा नकाशा काढून आणायला सांगितला तेव्हा मी कागदाच्या मधोमध रुळांची सरळ उभी रेघ मारली. उजवीकडे कोपरी, कारण ते ठाणे पूर्व. डावीकडे नौपाडा, कारण ते ठाणे पश्चिम. पावलं मोजून अंतरंही लिहिली होती, त्यामुळे शाबासकीची खात्री होती. बाईंनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे पूर्व-पश्चिम तुला कोणी सांगितलं?"

"स्टेशनवर लिहिलंय, बाई."

"स्टेशनवाले रुळांवर उभे राहून बघतात. तू कुठून बघतोयस?"

ठाण्यात रूळ उत्तर-दक्षिण नाहीत. मुलुंडकडून येणारी गाडी इथे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते, आणि कळव्याकडे वळताना तर आणखीच पूर्वेकडे कलते. म्हणजे कोपरी रुळांच्या आग्नेयेला आणि नौपाडा वायव्येला. मुंबईच्या लोकलमार्गावर सगळीकडे 'पूर्व' म्हणजे रुळांची एक बाजू आणि 'पश्चिम' म्हणजे दुसरी. रोजच्या व्यवहाराला ते पुरतं, होकायंत्राला पुरत नाही. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही 'कल्याणकडचा पूल', 'मुंबईकडचा पूल' म्हणतात. मला ती भाषा जास्त प्रामाणिक वाटते.

मग बाईंनी मला एक काम लावून दिलं. आमच्या गॅलरीतून खाडीपलीकडचा पारसिकचा डोंगर दिसायचा. दर महिन्याला एकदा, सूर्य त्या डोंगररांगेवर कुठे उगवतो ते चित्र काढून तिथे खूण करायची. जूनपासून डिसेंबरपर्यंत खुणा उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकत गेल्या. पावसाळ्यातले दोन महिने कोरे राहिले. आपल्या अक्षांशावर सूर्य जूनमध्ये खऱ्या पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. अगदी पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास. 'सूर्य उगवतो ती पूर्व' हे वाक्य आम्ही चौथीपासून घोकत होतो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे, हे मला माझ्याच गॅलरीत कळलं.

आता काठीची गोष्ट सांगतो, कारण माझा पुढचा सगळा प्रवास तिथून सुरू झाला.

नाताळच्या सुट्टीआधीच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी आम्हा आठ-दहा जणांना थांबवून घेतलं. मैदानाच्या कोपऱ्यात कवायतीची काठी रोवली, जमिनीपासून बरोबर 1 मीटर. ती सरळ आहे का ते पाहायला गवंड्याचा ओळंबा आणला होता. काठीभोवती सुतळीने एक वर्तुळ आखलं, त्रिज्या काठीपेक्षा जरा जास्त. सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना शिवलं तेव्हा 11 वाजून 20 मिनिटं झाली होती. सावली आखडत गेली, मग पुन्हा वाढायला लागली, आणि टोक बाहेर पडताना वर्तुळाला शिवलं 1 वाजून 54 मिनिटांनी. दोन्ही खुणा जोडल्यावर पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिच्यावर काठीतून लंब टाकला, ती उत्तर. आपल्याकडचे जुने ज्योतिषी याच रीतीने शंकू रोवून दिशा काढत, हेही बाईंनी तेव्हाच सांगितलं.

दोन्ही वेळांचा मध्य काढला तर 12 वाजून 37 मिनिटं. आम्ही गोंधळलो. मध्यान्ह बाराला व्हायला हवी ना? माझ्या मित्राला वाटलं बाईंचं घड्याळ पुढे आहे.

घड्याळ बरोबर होतं, फक्त ते ठाण्याचं नव्हतं. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्ताची. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश आणि एका अंशाला 4 मिनिटं. बाईंनी 37 ला 4 ने भागायला लावलं. सव्वानऊ अंश. ते 82.5 मधून वजा केले तर 73 च्या जरा पुढे. नकाशासंग्रहात ठाणे 73 च्या किंचित अलीकडे आहे. एका काठीने आणि सुतळीने आम्ही आमच्या शाळेचं रेखांश काढलं होतं! सर्वांत आखूड सावली 92 सेंटिमीटर भरली होती. तिचं चित्र प्रमाणात काढून कोनमापकाने अक्षांशही काढला, तो 19 आणि 20 च्या मध्ये आला.

"घड्याळ मिर्झापूरचं, सावली आपल्या मैदानाची," बाई म्हणाल्या.

घरी सांगितल्यावर आजोबा जुना टाइम आणि नवा टाइम यांच्या आठवणी सांगत बसले. देशाची एक वेळ 1906 मध्ये ठरली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती. आमची 37 आणि त्यांची 39 यांत फार फरक नव्हता. आईने तिचा प्रश्न काढला: संकष्टीला नागपूरच्या मावशीचा उपवास आपल्या आधी का सुटतो? कॅलेंडरमध्ये गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, त्यांत नागपूर वीस-पंचवीस मिनिटं आधी. साधारण 6 अंशांचा फरक, गुणिले 4. मी आईला गणित करून दाखवलं, आणि त्या दिवशी भूगोल मला माझा वाटला.

पुढे मर्चंट नेव्हीत गेलो. कॅडेट असताना सेक्स्टंट हातात देऊन सूर्याची दुपारची सर्वोच्च उंची घ्यायला सांगितली, तेव्हा सगळं ओळखीचं निघालं. सूर्य सर्वांत वर असतो त्या क्षणी क्रॉनोमीटरवर ग्रिनिचची वेळ किती, यावरून रेखांश; सूर्याच्या उंचीवरून अक्षांश. तीच काठी, तीच सावली. नाविक पंचांग चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी थबकलो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाशी जमवून चालत नाही. ठाण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह 12 वाजून 22 च्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्याला 12 वाजून 52 च्या सुमारास. दोघांचं जमतं ते वर्षातून चारच दिवस, आणि त्यांतला एक 25 डिसेंबर. बाईंनी नाताळच्या आधीचा शनिवार उगाच निवडला नव्हता! आठवीच्या मुलांना एका वेळी एकच गोष्ट कळावी म्हणून त्यांनी आमच्यासाठी दिवस शोधला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

जहाज पूर्वेकडे जाताना 15 अंशांमागे घड्याळ तासभर पुढे करावं लागतं. एकाच्याच ड्यूटीवर तो तास पडू नये म्हणून आम्ही तिन्ही वॉचमध्ये वीस-वीस मिनिटं वाटून घ्यायचो. जपानहून कॅनडाला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. एकदा मंगळवार दोनदा आला, आणि नंतर फोनवर आईने विचारलं, "संकष्टी असती तर अंगारकी दोनदा धरायची का रे?" मी सांगितलं, तिथी चंद्र-सूर्यावर ठरते, ती साऱ्या जगात एकाच क्षणी बदलते. वार आपण ठरवलेला. तिला ते लगेच पटलं.

समुद्रावर वाऱ्याला तो कुठून येतो त्यावरून नाव देतात आणि प्रवाहाला तो कुठे जातो त्यावरून. नैर्ऋत्य वारा नैर्ऋत्येकडून येतो, ईशान्य प्रवाह ईशान्येकडे जातो. नवे कॅडेट इथे हमखास चुकतात. मी त्यांना घोडबंदर रोडचं उदाहरण देतो: रस्त्याचं नाव तो जिथे जातो त्याचं, तसं प्रवाहाचं.

आज माझा भाचा फोनमधला निळा ठिपका पाहून ठाण्यात कुठेही पोचतो. पण त्याच्या घरापासून खाडी कुठल्या दिशेला, हे त्याला सांगता येत नाही. नकाशा त्याच्याबरोबर फिरतो, त्यामुळे तो कधी थांबून दिशा बघत नाही. फोन वाईट नाही, मीही वापरतो. पण शाळेतल्या आजच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. परीक्षेत कोरा नकाशा भरून घ्या, पण त्याआधी मैदानात एक काठी रोवा. ठाण्यात 16 मे आणि 27 जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, मेमध्ये सुट्टी असते. तरी मेमधल्या त्या दुपारी पावणेएकच्या आत मुलांना तासभर बोलवा, येतील.

मागच्या डिसेंबरमध्ये आमचं जहाज पोर्ट लुईला लागलं होतं. बाईंना फोन केला. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, आवाज बारीक झालाय. मी नाव सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "कुठून बोलतोयस?"

"मॉरिशसहून, बाई."

जरा वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

"म्हणजे 20 दक्षिण. विषुववृत्तापासून आपल्याइतकाच लांब, फक्त पलीकडे. आणि दीड तास मागे. इथे साडेसहा झालेत, दिवे लागले. तुझ्याकडे अजून ऊन असेल, नाही?"

होतं. गँगवेवर उभा होतो आणि डेकवर माझी लांब सावली पडली होती.