गोळ्यांचा विषय निघाला की पिअर वर्करने काय करायचं

मानसिक आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर, हे शब्द आता आपल्याकडे बरेच रुळलेत. स्वतः सावरलेला शुभार्थी दुसऱ्याच्या सोबतीला बसतो, तो पिअर वर्कर. त्याची खरी परीक्षा गोळ्यांपाशी होते.

हॅलोपेरिडॉल हे भास-भ्रमांवरचं औषध नुकतंच सुरू झालेला माणूस म्हणतो, "एका जागी बसवत नाही, पाय थांबतच नाहीत." घरच्यांना वाटतं, आजार वाढला. पण हा औषधाचा परिणामही असू शकतो; डॉक्टर त्याला अकॅथिसिया म्हणतात. ज्याने ती तगमग सोसलीय त्याला ती पटकन कळते, आणि घोळ तिथेच होतो. तो सांगून बसतो, "मलाही झालेलं, मी गोळी अर्धी केली." हे तोंडातून जाता कामा नये. समोरच्याचा आजार, डोस, सोबतची औषधं सगळंच वेगळं असतं.

त्यापेक्षा वही काढायला सांगावी. गोळी किती वाजता घेतली, अस्वस्थपणा कधी सुरू झाला, झोप किती तास लागली, एवढंच लिहायचं. पुढची तारीख लांब असली तरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी ओपीडीत कळवायचं. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा तगमग कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल जोडणं, असे उपाय डॉक्टरांकडे असतात. ही तगमग असह्य झाली तर जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येतात, म्हणून तसं थेट विचारावं. होकार आला तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि उपचार करणाऱ्या टीमला लगेच सांगायचं. 'हे मात्र मी गुपित ठेवणार नाही', ही कल्पना पहिल्याच भेटीत दिलेली असावी, नाहीतर विश्वासघात वाटतो. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच.

स्वतःची कहाणी? दोन मिनिटं पुरे. त्यापुढे ऐकणारा धीर द्यायला लागतो आणि भूमिका उलटतात.

आणखी एक काम हमखास राहून जातं. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 14 नुसार सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारा माणूस, स्वतः निवडू शकते. साधा कागद, त्यावर सही किंवा अंगठा. पुढे नाव बदलताही येतं. नवऱ्याऐवजी बहीण हवी असेल तर हा कागद बरं असतानाच करून ठेवावा.

बाकी केसपेपर आणणं, रांग लावणं ही पिअरची कामं नव्हेत. वॉर्डात माणसं कमी पडली की नेमकी तीच त्याच्या गळ्यात पडतात.