पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचं इग्निशन सुधारायचं ठरलं की बहुतेक जण आधी जास्त पॉवरची कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारा भाग) आणतात. खरं तर ती सगळ्यात शेवटी घ्यायची, आणि कित्येकदा तिची गरजही पडत नाही. कॉइलवर ४० हजार व्होल्ट छापलेले असले तरी प्लगच्या गॅपमधून ठिणगी १०-१५ हजारांवर उडत असेल, तर व्होल्टेज तिथेच थांबतं. चढायला त्याला पुढे कारणच उरत नाही.

पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच. त्याचं खरं दुखणं टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्याचं आहे. गॅप साधारण ०.४ मिमी. पॉइंटची फायबरची टाच डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) फिरत्या कॅमवर सतत घासते, झिजते, गॅप कमी होतो आणि पॉइंट उशिरा उघडतो. म्हणजे कोणी हात न लावताही टायमिंग मागे सरकत जातं. ड्वेल (पॉइंट बंद राहतो तेवढा कोन) एक अंश वाढला की क्रँकवर टायमिंगही साधारण अंशभर मागे जातं. त्यात ३-४ अँपिअर करंट तोडून तोडून पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो, मग फीलर गेजही खोटं माप दाखवतो. पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये कॅमवर चुंबकाची रिंग आणि शेजारी ते चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर असतो. घासणारं काही नाही, त्यामुळे लावलेलं टायमिंग टिकतं. फायदा तो आहे. इंजिनाची ताकद वाढेल अशी आशा धरू नका.

पण डिस्ट्रिब्युटरच ढिला असेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? त्याची कॅप काढा, आतला फिरणारा रोटर धरून शाफ्ट आडवा ढकलून बघा. हाताला स्पष्ट खेळ जाणवला की शाफ्टला धरणारे बुश गेलेत. हॉल सेन्सर पॉइंटपेक्षा हा खेळ जास्त सहन करतो, पण टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण नाचतच राहते. मग रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने चटकन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये अडकलीत, ती साफ करून हलकं तेल द्या. डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून टोक जिभेने बंद करा. प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे, हळूहळू परत येत असेल तर डायाफ्राम फाटलाय. या तिन्ही गोष्टी ठीक होईपर्यंत मॉड्यूलचा डबा उघडायची घाई नको.

आता वायरिंग. सगळ्यात जास्त घोटाळा बॅलास्टमध्ये, म्हणजे कॉइलकडे जाणारा करंट कमी करणाऱ्या रोधात होतो. कॉइलच्या वायरी काढून दोन छोट्या टर्मिनलमधला रोध मोजा. ३ ओहमच्या आसपास असेल तर कॉइल थेट १२ व्होल्टची, दीड ओहमच्या आसपास असेल तर बॅलास्टवर चालणारी. वायरी परत जोडून, पॉइंट बंद अवस्थेत असताना इग्निशन चालू करा आणि कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज बघा. ६ ते ९ व्होल्ट दिसले तर वाटेत बॅलास्ट आहे. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही, काही गाड्यांत हार्नेसमधली एक वायरच रोधाची असते. बहुतेक मॉड्यूलना पूर्ण १२ व्होल्ट लागतात, म्हणून मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, इग्निशन स्विचच्या बाजूला जोडायची. सोयीचं पडतं म्हणून कॉइलच्या प्लसवर जोडली की सेल्फ मारताना बॅटरी खाली जाते, मॉड्यूल अर्धपोटी राहतं आणि गाडी सुरू व्हायला रडते. याउलट दीड ओहमची कॉइल बॅलास्ट काढून थेट जोडली तर ४ ऐवजी ८ अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो, आणि कॉइल किंवा मॉड्यूल, एक काहीतरी जळतं. मॉड्यूलसोबतच्या कागदावर कॉइलचा किमान रोध दिलेला असतो, तो पाळा.

प्रत्यक्ष बसवणं अर्ध्या तासाचं काम. बॅटरीची वायर काढा, रोटरची जागा खूण करून ठेवा, पॉइंट आणि कंडेन्सर काढा, प्लेट पुसून घ्या. रिंग कॅमवर पूर्ण खाली बसली पाहिजे, तिरकी राहिली तर ती सेन्सरला घासेल. सोबत प्लॅस्टिकची पट्टी आली असेल तर गॅप तिनेच लावा. लाल प्लसला (बॅलास्ट असेल तर वर सांगितल्याप्रमाणे त्याच्या आधी), काळी कॉइलच्या मायनसला. उलटं झालं की मॉड्यूल तिथल्या तिथे जातं. व्हॅक्यूमने प्लेट फिरते, तेव्हा आतल्या वायरींना थोडी ढील ठेवा. प्लेट आणि बॉडीला जोडणारी विणलेली बारीक अर्थ वायर नीट बघा, ती आतून तुटलेली असते आणि वरून शाबूत दिसते. मीटर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि बॅटरीच्या मायनसवर लावून सेल्फ मारा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. हे सगळं मायनस अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी. प्लस अर्थची असेल तर मॉड्यूलच वेगळं लागतं.

तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी असतील तर त्याही बदला. त्यांच्या विद्युत गोंगाटाने मॉड्यूल गोंधळतं आणि गाडी मधूनच मिस मारते. रोधाच्या वायरी घ्या.

टायमिंग नव्याने लावावंच लागतं, कारण सेन्सरची जागा आणि पॉइंट उघडायची जागा एक नसते. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, मॅन्युअलमधल्या आरपीएमवर इंजिन ठेवा, लाइट लावून डिस्ट्रिब्युटर फिरवा. मग चढावर लोड देऊन ऐका, नॉकिंग आलं तर एक-दोन अंश मागे घ्या. प्लगचा गॅप ०.७ वरून ०.८ करून बघायला हरकत नाही, पण कॅपला तडा असेल तर ठिणगी तिथूनच पळते.

इंजिन बंद ठेवून रेडिओसाठी इग्निशन चालू ठेवायची सवय सोडा. स्वतःहून करंट तोडण्याची सोय नसलेली मॉड्यूल अशीच तापून जातात. गाडी थंड असताना चालते, तापल्यावर बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, असं झालं तर संशय आधी मॉड्यूल किंवा कॉइलवर घ्या. पॉइंट कुरकुर करत मरतो, मॉड्यूल न सांगता जातं. म्हणून काढलेला पॉइंट सेट, कंडेन्सर, फीलर गेज आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर एका पिशवीत घालून डिकीत राहू द्या. पॉइंट परत लावलात की टायमिंग पुन्हा तपासा.