कांद्याच्या पानावर हळदीचा भाव

बाजार समित्यांचे रोजचे भाव दाखवणारी एक छोटी साइट मी सांभाळतो. पीएचपी आणि तिच्यात साच्यांतून पानं बनवणारं स्मार्टी ३. जुनं आहे, पण चालतंय. सकाळी भाव यायच्या वेळी सर्व्हर धापा टाकायचा, म्हणून एका रात्री कॅशिंग सुरू केलं, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून काही वेळ तेच दाखवायचं. टेम्प्लेट (पानाचा साचा) एकच, मजकूर मात्र बाजार आणि शेतमालाप्रमाणे बदलणारा, त्यामुळे प्रत्येक पानाला वेगळा कॅश आयडी, म्हणजे साठवलेल्या प्रतीची ओळख, हवा. पानाच्या वेब पत्त्यातच ‘लासलगाव’, ‘कांदा’ असे शब्द होते. मधे उभी दांडी (|) घालून ते जोडले, पान दाखवणाऱ्या डिस्प्ले फंक्शनला दुसरा पॅरामीटर म्हणून दिले आणि झोपलो.

सकाळी साइटच्या मालकांचा फोन. “अरे, लासलगावचा कांदा उघडला की सांगलीची हळद निघतेय. रात्री काय केलंस?”

आधी वाटलं, क्वेरी चुकली. डेटाबेस ठीक होता. कॅशिंग बंद केलं की पानंही ठीक. शेवटी कॅशचा फोल्डर उघडला. तिथे शेकडो फाइली असायला हव्या होत्या; होती एकच, आणि तिचं नाव सुरू होत होतं अंडरस्कोअर, टोपी, अंडरस्कोअर (_^_) असं.

मग स्मार्टीचा कोड वाचला, जो आदल्या रात्रीच वाचायला हवा होता. फाइलचं नाव बनवताना तो कॅश आयडीतली अक्षरं, अंक, अंडरस्कोअर आणि उभी दांडी ठेवतो (दांडीची मग टोपी होते). बाकी जे काही सलग येईल त्या सगळ्याच्या जागी एकच अंडरस्कोअर. इथे ‘अक्षरं’ म्हणजे फक्त रोमन, कारण अक्षरं निवडणाऱ्या त्या रेग्युलर एक्स्प्रेशनला (शोधाच्या नमुन्याला) युनिकोडचा यू लावलेला नाही. ‘लासलगाव’चे २१ बाइट गेले आणि उरला एक अंडरस्कोअर. ‘सांगली’चंही तेच, ‘कांदा’ आणि ‘हळद’चंही तेच. कॅशची मुदत मूळचीच, ३६०० सेकंद. म्हणजे दर तासाला जो कोणी पहिला येईल त्याचं पान तासभर सगळ्या महाराष्ट्राला! चाचणी मी ‘टेस्ट’ आणि ‘डेमो’ अशा रोमन नावांवर केली होती, त्यामुळे तिथे सगळं गोड.

तातडीचा उपाय म्हणून एमडी५ लावला, म्हणजे नावाच्या जागी त्यावरून काढलेली रोमन अक्षर-अंकांची ठरावीक लांबीची खूण, हॅश. पहिल्यांदा पूर्ण आयडीवर लावला आणि तेही फसलं. एका बाजाराचे नवे भाव आले की फक्त त्याचीच पानं पुसायची असतात, आणि स्मार्टीत दांडीने पाडलेले गट डावीकडून जुळवून पुसता येतात. सगळ्याचा मिळून एक ३२ अक्षरी हॅश केला की गट उरतच नाही. म्हणून दोन्ही भागांचा वेगवेगळा हॅश केला.

दोन दिवस शांततेत गेले. मग कऱ्हाड! तिथले भाव कधी नवे, कधी जुने. हा ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना एकच, बाइट वेगळे, हॅश वेगळे. दोन्ही पत्ते उघडावेत म्हणून पर्यायी नावांचा तक्ता मीच केला होता. भाव भरणारी स्क्रिप्ट मात्र एकाच तऱ्हेचं पान पुसत होती. युनिकोड नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करून पाहिलं, पण या दोन तऱ्हा त्याच्या लेखी समान नाहीतच.

मग नावांचा नाद सोडला. आता पत्त्यातलं नाव आधी त्या तक्त्यातून क्रमांकात बदलतं. नाव सापडलं नाही तर तिथेच ४०४ (पान सापडलं नाही), कॅशपर्यंत मजल जातच नाही. पत्त्यातली किंमत जशीच्या तशी आयडीत घातली तर कोणीही हजारो खोटे पत्ते मागून डिस्क भरू शकतो. स्मार्टीच्या माहितीपुस्तिकेतही तसा इशारा आहे. क्रम बाजार, मग शेतमाल, मग मांडणी. मांडणीचे तीनच प्रकार मान्य. शेअर केलेल्या लिंकमागे येणारं शेपूट (प्रश्नचिन्हापुढचा भाग) आयडीत येतच नाही. आणि हा आयडी एकाच फंक्शनमध्ये बनतो. आधी दाखवताना, तपासताना आणि पुसताना मी तो तीन ठिकाणी हाताने जोडत होतो, हे सांगायला लाज वाटते.

एक तोटा आहे: आयडी बनवायलाच आता दर वेळी एक छोटी क्वेरी लागते. चालेल. शिवाय कॅशच्या फोल्डरात नुसते आकडे दिसतात, कुठला बाजार कोणता ते तक्ता उघडल्याशिवाय कळत नाही. १७ म्हणजे लासलगाव, एवढं मात्र पाठ झालंय.